महर्षी कर्वे : लोकवर्गणीतून उभे राहिलेले जीवनकार्य

दापोली तालुक्यातील मुरूड हे समुद्रकाठचे लहानसे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावच्या दुर्गादेवीच्या देवळात, सोमण गुरुजींच्या प्रेरणेने, वर्तमानपत्रांचे वाचन होत असे. जमलेल्या ग्रामस्थांना मजकूर वाचून दाखविण्याचे काम ज्या मुलाकडे आले, तो स्वभावाने अत्यंत लाजाळू होता. हा मुलगा म्हणजेच पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे. १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आजोळी, त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. १८७५ मध्ये परीक्षेला बसण्यासाठी त्यांनी भर पावसात घाट ओलांडून पायी सातारा गाठले. परंतु वय लहान दिसते या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. निराश न होता ते परतले आणि पुन्हा अभ्यासाला लागले. न बोलता पायपीट करण्याचा हा गुण पुढे त्यांच्या साऱ्या कार्याचे भांडवल ठरला.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले. शिकवण्या करून संसार चालविताना मिळकतीचा काही भाग परोपकारासाठी बाजूला काढण्याचा नेम त्यांनी घालून घेतला होता. गावाबाहेर नोकरीचाकरी करणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या कमाईतील लहानसा वाटा गावासाठी द्यावा, या कल्पनेतून त्यांनी मुरूड फंडाचीही उभारणी केली. रक्कम लहान असली तरी ती नियमाने यावी आणि तिचा हिशेब चोख असावा, ही कर्व्यांच्या सार्वजनिक जीवनातील पहिली शिकवण होती.

१८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असा निश्चय करून मार्च १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पुढे त्या बाया कर्वे या नावाने सर्वांच्या परिचयाच्या झाल्या. या विवाहाबद्दल मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड उभा केला, त्याच गावाने दार लावून घेतले. त्यांनी मात्र गावाशी वैर धरले नाही.

विधवाविवाहाच्या प्रसारासाठी त्यांनी १८९३ मध्येच मंडळ स्थापन केले. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, विवाहाला तयार होणाऱ्या विधवा थोड्या आणि भावाच्या किंवा दिराच्या घरी पोटापुरत्या अन्नावर राबणाऱ्या विधवा असंख्य आहेत. त्यांच्या श्रमाला मोल नव्हते. हाती विद्या नसल्याने स्वतंत्र मिळकत नव्हती. यांच्यासाठी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखा विद्वान अध्यक्ष म्हणून लाभला. आरंभीच्या निधीत कर्व्यांनी स्वतःच्या बचतीची भर घातली.

या टप्प्यावर त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. आश्रमाने पुनर्विवाहाचा पुरस्कार केला असता, तर सनातनी घरांतील विधवा आश्रमात आल्याच नसत्या आणि मदतीचा ओघही आटला असता. कर्व्यांनी दोन्ही कार्ये कटाक्षाने वेगळी ठेवली. आश्रमाचा हेतू केवळ शिक्षण हा राहील, असे धोरण ठरले. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या गृहस्थाने हे धोरण स्वीकारावे, याचे अनेक सुधारकांना वैषम्य वाटले. सनातन्यांचा संशयही पुरता फिटला नाही. आश्रमाचा लाभ आरंभी मुख्यतः ब्राह्मण समाजातील विधवांनाच मिळाला, ही मर्यादाही नमूद केली पाहिजे. सर्व समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला कोणाकोणाची मर्जी सांभाळावी लागते, आणि त्या सांभाळण्याची किंमत कोण मोजते, हा प्रश्न कर्व्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये आश्रम तेथील झोपडीवजा इमारतीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी कर्वे चिखलातून हिंगण्याची वाट चालत. सुट्ट्यांत ते गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत. कोणी देणगी दिली नाही तरी राग नाही, आणि कोणी आणा-दोन आणे दिले तरी त्याची नोंद व पावती चुकायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

या दानशूरपणाची झळ घराला बसल्यावाचून राहिली नाही. आपल्या आयुर्विम्याची रक्कमसुद्धा कर्व्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. पदरी मुले असलेल्या आनंदीबाईंना याचे दुःख होणे स्वाभाविकच होते. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, घरखर्चाची तोंडमिळवणी केली आणि पुढे स्वतःही आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. महर्षींच्या त्यागाचा मोठा हिस्सा बायांच्या नावे जमा धरला, तरच तो हिशेब पुरा होतो.

आश्रमाचे खरे यश त्याच्या इमारतींत नव्हते. जी विधवा आश्रयाला आली, तीच काही वर्षांनी शिक्षिका, परिचारिका किंवा व्यवस्थापिका होऊन बाहेर पडली, आणि तिच्या मिळकतीवर मुलाबाळांचे शिक्षण होऊ लागले. एकेकाळी ओझे मानली गेलेली स्त्री घराचा आधार ठरली. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण बोलके आहे. विधवा म्हणून आश्रमात आलेल्या पार्वतीबाईंनी तेथील स्वयंपाकघर आणि व्यवस्था सांभाळली. पुढे आश्रमासाठी त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने देत निधी जमविला. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी आपला निर्वाह केला. मदत घेणारी व्यक्तीच संस्थेची आधारस्तंभ होते, हे कर्व्यांनी सिद्ध करून दाखविले. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. १९०८ मध्ये निष्काम कर्ममठाची स्थापना झाली. संस्थेला तहहयात सेवक मिळावेत, हा मठाचा उद्देश होता. केवळ पैशावर संस्था टिकत नाही, ही जाणीव त्यामागे होती.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तिने त्यांच्या विचारांना नवी दिशा दिली. १९१६ मध्ये मोजक्याच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. सरकारी मान्यता नाही, अनुदान नाही. आधार होता तो वर्गणीदारांचा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. परंतु एवढे मोठे दान मिळूनही कर्व्यांची झोळी खाली ठेवली गेली नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ पासून, त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिकेचा प्रवास करून तेथील भारतीयांकडून निधी आणला. विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले.

१९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि पुण्यात घरोघर फिरून त्यासाठी मदत मागितली. १९४४ मध्ये जातिभेद निवारणासाठी समता संघ स्थापन केला. आश्रमाच्या आरंभी जी मर्यादा पाळावी लागली होती, तिच्या पलीकडे जाण्याचा हा उतारवयातील प्रयत्न होता. १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न हा सर्वोच्च बहुमान त्यांना लाभला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे आयुष्य जगून, ते दिवंगत झाले.

कर्व्यांच्या मागे मोठी संपत्ती राहिली नाही. हिंगण्याची संस्था आणि विद्यापीठ मात्र राहिले. देवळात वर्तमानपत्र वाचून दाखविणारा तो मुलगा लोकांकडून जे मिळाले ते वाढवून लोकांनाच परत करीत गेला. सभासदांच्या लहानशा वर्गणीवर पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या प्रत्येक संस्थेचे नाते या चरित्राशी आहे. मोठा दाता एखाद्या वेळी लाभतो आणि इमारत उभी करून जातो. तिच्यात दिवा तेवत ठेवण्याचे काम मात्र दरमहा न चुकता येणाऱ्या वर्गणीलाच करावे लागते.