नौखंडा महालाचा धनी : मलिक अंबर

इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि हस्ते परहस्ते अहमदनगरला आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहून तो राज्यकारभार शिकला. तोच मलिक अंबर! १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले, नहरीने तेथे पाणी खेळविले आणि १६१६ मध्ये नौखंडा महाल बांधला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये तो निवर्तला. खुलदाबादला त्याची कबर आहे. पुढे महालात निजाम असफजाह राहिला. आज महालाचे वैभव लोपले आहे. खडकीचे औरंगाबाद, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु बेघर गुलामाने निवडलेल्या त्याच भूमीवर लाखोंचे संसार नांदत आहेत.