मिचेलसाहेबांचे मळसूत्र

गेल्या माघात कडोदऱ्यास जाणे झाले. पेटी शिकायला माझ्याकडे येणारा एक विद्यार्थी आता इंजिनियर झाला असून तेथे एका बांधकामावर आहे. सुरतेजवळ मुंबईच्या हमरस्त्यावरचे हे गाव. आता कारखान्यांनी गजबजले आहे आणि पोटासाठी आलेल्या खानदेशी माणसांमुळे रस्त्यात मराठीही पुष्कळ ऐकू येते. मी पोहोचलो तेव्हा पायाच्या एका खांबावर लोखंडी तुळयांची माची रचून तीवर वाळूच्या गोण्यांचा डोंगर उभा केला होता. खाली दाबयंत्र बसवलेले. गोण्यांचे ओझे माथ्यावर तोलून ते खांबाला जमिनीत रेटत होते आणि खांब किती खचतो ते तबकड्यांवरचे काटे दाखवीत होते. बारा मिलिमीटर खचायला जेवढा भार लागेल त्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक त्या खांबावर टाकायचा नाही, ही तेथली एक कसोटी. वाळूत खांब किती भार सोसेल याचे गणित कागदावर आधी होतेच; पण त्यावर कोणी विसंबत नाही, हे पाहून मला बरे वाटले. आमच्यातही तानपुरा जुळला की नाही हे शेवटी कानच ठरवतो.

परतताना विद्यार्थ्याने अलेक्झांडर मिचेल हे नाव सांगितले. पुढे दोन महिने मी त्या माणसाच्या मागे होतो.

मिचेल जन्मले १३ एप्रिल १७८० रोजी डब्लिनला आणि वाढले बेलफास्टला. दृष्टी लहानपणापासून अधू. सोळाव्या वर्षी वाचणे सुटले आणि बाविसाव्या वर्षी पुरता अंधार झाला. आमच्याकडे अशा मुलाला गाणे शिकवतात. मिचेलांनी विटांचा धंदा काढला, विटा पाडायची यंत्रे शोधली. पन्नाशी उलटल्यावर, १८३३ साली, त्यांनी मळसूत्री खांबाचे पेटंट घेतले. लोखंडी दांड्याच्या टोकाला रुंद मळसूत्र. ते फिरवीत फिरवीत वाळूत उतरवायचे, घणाचे घाव नकोत.

लंडनजवळ थेम्सच्या मुखाशी मॅप्लिन नावाचे वाळूचे पठार आहे. भरतीला बुडते, ओहोटीला उघडे पडते. तेथे दीपगृह हवे होते. मिचेलांनी आधी लहान मळसूत्राचा बारीक दांडा वाळूत उतरवून पाहिला, वर फळ्या टाकल्या आणि त्यांवर माणसे उभी केली. कडोदऱ्याच्या गोण्या त्या माणसांच्याच जागी आल्या म्हणायच्या! १८३८ साली नऊ खांब बसले. प्रत्येकाचे मळसूत्र चार फूट व्यासाचे. मग दोन वर्षे ते खांब नुसतेच उभे ठेवले, वाळू काय करते ते पाहण्यासाठी. ही दोन वर्षे मला फार मोलाची वाटतात. तेवढ्यात फ्लीटवुडचे, मागून हाती घेतलेले दीपगृह १८४० साली आधी उजळले. मॅप्लिनचे १८४१ साली.

कामाची पाहणी मिचेल स्वतः करीत, हातांनी चाचपून.

१८४८ साली त्यांनी लंडनच्या इंजिनियरांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. भार पेलण्याची शक्ती तीन गोष्टींवर, असे त्यांचे म्हणणे: मळसूत्राच्या चकतीचा विस्तार, जमिनीचा जातिस्वभाव, आणि खोली. वाळूला स्वतःची चिकटण नाही. वरच्या थरांचे वजन पडते म्हणून कण एकमेकांत घट्ट बसतात. म्हणून खाली जावे तसा आधार वाढतो. आजची सूत्रे आकडेमोडीत पुष्कळ पुढे गेली आहेत, पण या तिघांना सोडून नाहीत.

यातली तिसरी गोष्ट आपल्या गुजरातेत उलटली. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने आपल्या पुलांना मिचेलांचेच मळसूत्री खांब घेतले. उत्राण ते अंकलेश्वर गाडी १८६० साली धावली, पुढच्याच वर्षी बडोद्याला पोहोचली. भरूचला नर्मदेवर याच खांबांचा पूल होता. पण नर्मदेचा पूर म्हणजे नुसते पाणी नव्हे. तो खांबाभोवतीची वाळूच उचलून नेतो, आणि कागदावरची खोली एका रात्रीत कमी होते. त्या पुलाला पुरांनी पुन्हा पुन्हा तोडले. मॅप्लिनला दोन वर्षे वाट पाहिली होती. येथे रेल्वेला घाई होती, असे मला वाटते. मिचेलांना मी दोष देणार नाही. खोली किती, हा प्रश्न त्यांनीच मांडला होता. पुराच्या दिवशी ती किती उरेल, हे नदीकाठी राहणाऱ्याने विचारायचे होते.

मिचेल २५ जून १८६८ रोजी बेलफास्टला वारले. भरूचला गोल्डन ब्रिज पुरा झाला तो १८८१ साली.

कडोदऱ्याहून निघालो तेव्हा संध्याकाळची गाडी मिळाली. नर्मदा आली तशी खिडकीशी सरकलो. बाजूला गोल्डन ब्रिज दिसत होता, खाली कोरडी वाळू दूरवर पसरलेली, आणि तीत कोणाच्या तरी म्हशी बसल्या होत्या.