डॉ. पापानिकोलाऊ व सौ. आंद्रोमाखी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली. जिजाबाई, अहिल्याबाई यांच्यावर माझ्यापेक्षा सुरेख लिहिणाऱ्या भगिनी मंडळात आहेत. म्हणून मी एका परदेशी डॉक्टरांचे चरित्र निवडले. त्यांचे नाव जिभेवर लवकर बसत नाही, पण त्याचा पहिला तुकडा दवाखान्याच्या चिठ्ठीवर आपल्यापैकी काहींनी वाचला असेल. ‘पॅप’ तपासणी म्हणतात ती यांचीच. विषय बायकांच्या शरीराचा आहे. घरातील पुरुषमंडळीही हा अंक चाळतात हे मला ठाऊक आहे. त्यांनीही खुशाल वाचावे.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीस देशातील कीमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने आपल्यामागे गावातच दवाखाना चालवावा अशी कोणत्याही बापाची इच्छा असते, तशी त्यांचीही होती. जॉर्ज १९०४ साली अथेन्सला डॉक्टर झाले खरे, पण त्यांचे मन नाडी पाहण्यात रमले नाही. जर्मनीत जाऊन म्युनिक येथे त्यांनी जीवशास्त्राची मोठी पदवी घेतली. १९१० साली आंद्रोमाखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे बाल्कन युद्धात लष्करात नोकरी केली आणि १९१३ च्या ऑक्टोबरात हे जोडपे न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरले.

दोघांनाही इंग्रजी येत नव्हते. एका मोठ्या दुकानात आंद्रोमाखीबाईंना बटणे शिवण्याचे काम मिळाले, आठवड्याला पाच डॉलरवर. त्याच दुकानात डॉक्टरांना गालिचे विकण्यास उभे केले. ते त्यांना एक दिवसच जमले. मग त्यांनी हॉटेलात व्हायोलिन वाजवले, ग्रीक वर्तमानपत्राच्या कचेरीत कारकुनी केली. नवऱ्याच्या दोन पदव्या असूनही काही दिवस घर बटणांवर चालले, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. मला मात्र तिथेच थांबावेसे वाटते.

१९१४ साली कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काम मिळाले. बाईही प्रयोगशाळेत मदतीला जाऊ लागल्या, तेही बिनपगारी. डॉक्टरांचा अभ्यास गिनीपिग या लहान प्राण्यांवर होता. मादीच्या शरीरात बीज नेमके केव्हा पक्व होते हे त्यांना हवे होते, आणि ते बाहेरून कळत नव्हते. त्यांनी नाक तपासण्याची छोटी चिमटी आणून मादीच्या योनिमार्गातील थोडासा स्राव घेतला, काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दिवसागणिक पेशींचे रूप पालटत होते. हे संशोधन १९१७ साली प्रसिद्ध झाले.

हेच स्त्रीमध्ये दिसते का, हा पुढचा प्रश्न. पण रोज तपासून घेणारी स्त्री आणायची कोठून? ती घरातच होती. आंद्रोमाखीबाईंनी सुमारे एकवीस वर्षे आपला स्राव तपासणीसाठी दिला. आपल्याकडे दवाखान्यात एकदा पडद्याआड जायचे तर आपण चार वेळा टाळतो. या बाईंनी तो नेमच केला. त्यांच्या ओळखीच्या काही मैत्रिणींनीही नमुने दिले, आणि त्यांतील एकीला पुढे कर्करोग निघाला, असे सांगतात. तपासणीला नाव पडले ते आडनावाचे. आडनाव बाईंचेही तेच होते, एवढेच समाधान.

रुग्णालयातील स्त्रियांचे नमुने पाहताना डॉक्टरांना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसल्या. वेड्यावाकड्या, मोठ्या गाभ्याच्या. कापाकापी न करता रोग काचेवर दिसतो, ही केवढी गोष्ट! पण १९२८ साली बॅटल क्रीक येथील परिषदेत त्यांनी हे मांडले तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही. रोगाचा तुकडा कापून तपासता येतो, मग हे कशाला, असे जाणत्यांचे मत पडले. त्याच सुमारास रुमानियात डॉ. बाबेश यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले होते. डॉक्टर मुकाट्याने पुन्हा आपल्या काचांकडे वळले. १९३९ पासून डॉ. ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सोबतीने त्यांनी न्यूयॉर्क रुग्णालयात स्त्रीरोग विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईची तपासणी सुरू केली. १९४१ साली लेख आणि १९४३ साली पुस्तक निघाले, तेव्हा जगाला पटले. मधे पंधरा वर्षे गेली.

या तपासणीचा खरा गुण असा, की रोग होण्याच्या आधीचा बदलही तीत दिसतो. तो बदल कर्करोगात जाण्यास बहुधा कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर उपाय सोपा असतो.

हा बदल का होतो हे मात्र डॉक्टरांना माहीत नव्हते. ते कोडे त्यांच्या पश्चात सुटले. १९८३-८४ मध्ये जर्मनीचे डॉ. त्सूर हाउझेन यांनी मानवी पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एच.पी.व्ही.चे, १६ व १८ हे प्रकार या कर्करोगात शोधून काढले. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्वत्र आहे की बहुतेकांना तो कधी ना कधी लागतोच. त्यामुळे कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. बहुतेक स्त्रियांत तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडून बसतो त्यांना धोका.

काहींच्यातच तो का टिकतो? येथे एक जुनी गोष्ट सांगते. पापानिकोलाऊंच्याही आधी, १८९२ साली, डॉ. डोडरलाइन यांनी योनिमार्गात काडीसारखे जंतू पाहिले होते. ते पेशींतील साखरेसारख्या द्रव्यापासून आम्ल करतात आणि मार्ग आंबट ठेवतात. दह्याच्या विरजणातील जंतूंचे हे भाऊबंदच, पण जात निराळी, तेव्हा दह्याचे घरगुती प्रयोग कोणी करू नयेत. आंबट जागी परके जंतू रुजत नाहीत. पॅप तपासणीच्या काचांवर या काड्या पुष्कळदा दिसतात. अलीकडच्या अभ्यासांत असे आढळते, की हे राखणदार भरपूर असले तर विषाणू लवकर निघून जाण्याकडे कल असतो आणि ते कमी झाले तर तो रेंगाळतो. यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा पुरता निकाल अजून लागलेला नाही. आतून साबणाने किंवा औषधी पाण्याने धुण्याची सवय मात्र या राखणदारांना हुसकते, म्हणून डॉक्टर ती नको म्हणतात. मी स्वतः कित्येक वर्षे तेच स्वच्छतेचे समजत होते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. पुन्हा डाग दिसू लागले. सहा महिने त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही. मग एका दवाखान्यात न तपासताच गोळ्या दिल्या, आणि आम्हालाही ते बरेच वाटले. पुढे मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा रोग पसरला होता. भारतात २०२२ या एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावल्या. आकडा वाचताना मला त्या एकट्याच दिसतात.

आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली आला. एकदाच विषाणूची तपासणी केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. मुलींसाठी प्रतिबंधक लसही आली आहे, आणि २०२३ पासून पुण्यात तयार झालेली देशी लस मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच.

डॉक्टरांना १९५० साली लास्कर पारितोषिक मिळाले. नोबेल मिळाले नाही. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. तसे त्यांनीच ठरवले होते. १९६१ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते मायामी येथील कर्करोग संस्था चालवण्यास गेले आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने वारले. त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे ग्रीसच्या दहा हजार ड्राख्मांच्या नोटेवरही त्यांचे चित्र छापले गेले. आंद्रोमाखीबाई त्यांच्यामागे वीस वर्षे जगल्या. १९८२ साली त्या गेल्या.