भजनामागील आधार : लक्ष्मीबाई टिळक

नाताळच्या दिवसांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील एखाद्या लहानशा गांवीं भजन रंगलें म्हणजे पेटी वाजविणारा सर्वांस दिसतो, टाळकरी दिसतात, आणि गोड गळ्याचा गाणारा तर दुसऱ्या दिवशीं सर्वांच्या तोंडीं होतो. परंतु ज्या घरच्या ओसरीवर तें भजन झालें, तेथें सतरंजी कोणीं अंथरली, चहाचें आधण कोणीं ठेविलें, आणि दहांपुरता केलेला स्वयंपाक पंचवीस जणांस कोणीं पुरविला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. शुभवर्तमानकार लूक मात्र अशा सेवेस विसरला नाहीं. योहान्ना, सुसान्ना आदिकरून स्त्रियांनीं आपल्याजवळच्या द्रव्यानें प्रभूची व त्याच्या शिष्यांची तजवीज ठेविली, हें त्यानें आवर्जून लिहून ठेविलें आहे. सिंदखेडराजा ही जिजाऊसाहेबांची जन्मभूमि आपल्याच जिल्ह्यांत असल्यामुळें मागें उभें राहणाऱ्या स्त्रीचें मोल आपणांस निराळें सांगावयास नको. अशाच एका थोर स्त्रीचें चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखल्यांच्या घराण्यांत झाला. माहेरचें नांव मनु. वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं, घरांतील माणसें त्यापायीं त्रासून जात. वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न नारायण वामन टिळक ह्यांच्याशीं झालें. बाईंनीं शाळेचें तोंडहि पाहिलें नव्हतें. त्यांस लिहावयास व वाचावयास टिळकांनींच शिकविलें.

टिळक कवि होते, विद्वान होते, आणि मनाचे अत्यंत उदार होते. परंतु संसार कशास म्हणतात हें त्यांस कधीं कळलें नाहीं. हातीं आलेला पैसा घरीं पोंचेपर्यंत टिकेल असा भरंवसा नसे. राग लवकर येई, तितक्याच लवकर जाई. एके ठिकाणीं फार दिवस राहणें तर त्यांस ठाऊकच नव्हतें. अशा मनुष्याचें घर चालविणें म्हणजे गळक्या घागरीनें रांजण भरणें होय. बाईंनीं तो रांजण जन्मभर भरला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बाईंवर जणूं आभाळ कोसळलें. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास राहिल्या. कांहीं काळ पंढरपुरांतहि काढिला. सुमारें साडेचार वर्षांनीं त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, त्याहि आपला धर्म व आपली चूल निराळी ठेवूनच. येथें टिळकांची एक गोष्ट मानिली पाहिजे. त्यांनीं बाईंवर जुलूम केला नाहीं, वाट पाहिली. बाईंचें मन स्वतःच्याच विचारानें हळूहळू पालटलें. सर्व माणसें एकाच देवाचीं असतां एकाच्या हातचें पाणी चालतें व दुसऱ्याच्या हातचें विटाळतें हें कसें, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावर त्या मागें फिरल्या नाहींत. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्या काळीं ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेंत परदेशी चालींवरील पुष्कळ गीतें गाइलीं जात. आपल्या लोकांच्या कानांत तर लहानपणापासून अभंग व ओवी घुमत असे. टिळकांनीं ख्रिस्ताची भक्ति ह्याच चालींत बांधिली. टाळ व मृदंग उपासनेंत मानाचे झाले. त्यांचीं कितीएक पदें आज आपल्या ‘उपासना-संगीता’ंत आहेत. ह्या भजनाचें श्रेय जग टिळकांस देतें, तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांत हीं पदें जन्मलीं, त्या घराची चूल बाईंच्या हातीं होती. भजनास येणारे, उपदेशक, शिकणारीं मुलें, अनाथ मुलें, वाट चुकलेले व आश्रय शोधणारे, असे सर्व तेथें येत. खानदेशांतील जळगांवीं १९०७ सालीं कविसंमेलन भरलें. त्यांत टिळकांस बालकवि ठोमरे भेटले. पुढें तेहि ह्याच कुटुंबांत राहिले. माणूस घरीं आणावयाचें टिळकांनीं, आणि त्यास घरचें करावयाचें बाईंनीं, अशी ती वांटणी होती. टिळक दान करीत, आणि त्या दानाची भरपाई बाई आपल्या काटकसरीनें करीत. मग खरा दाता कोण, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनच्या पगारावर पाणी सोडिलें आणि सातारा येथें राहून ‘देवाचा दरबार’ ह्या नांवाची भक्तमंडळी सुरू केली. पतीनें संन्यस्त वृत्ति स्वीकारिली म्हणजे उत्पन्न थांबतें, खर्च थांबत नाहीं. बाईंनीं ह्याहि वेळीं साथ सोडिली नाहीं. ९ मे १९१९ रोजीं टिळक प्रभूकडे गेले.

येथपर्यंतची कथा मागें राहून केलेल्या सेवेची झाली. परंतु मुख्य गाणारा गेला असतां साथीदारानें काय करावें, ह्याचें उत्तर बाईंच्या उत्तरायुष्यांत आहे. ‘ख्रिस्तायन’ ह्या महाकाव्याचे अवघे दहा-अकरा अध्याय लिहून टिळक गेले होते. जिला अक्षरओळख लग्नानंतर झाली, त्या स्त्रीनें तें काम अंगावर घेतलें आणि चौसष्ट अध्याय रचून पुरें केलें. त्या स्वतः कीर्तनासहि उभ्या राहिल्या. पुढें त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून चार भागांनीं प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यांनीं पतीचे गुण सांगितले, दोषहि सांगितले, आणि स्वतःस हंसण्यांत तर कांहींच कसर ठेविली नाहीं. मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत ह्या ग्रंथाची गणना होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. ‘ख्रिस्तायन’ छापून निघालें तें १९३८ सालीं. तें पाहावयास त्या राहिल्या नव्हत्या.

विद्यार्थीमित्रहो, मागें राहून मदत करणारा मनुष्य कमी योग्यतेचा असतो, अशी आपली समजूत असेल तर ती टाकून द्या. जो मागें राहून भार वाहतो, त्यासच पुढची वाट माहीत असते. म्हणूनच वेळ आली तेव्हां बाईंस पुढें होतां आलें. आणि पालकहो, आपलीं मुलें शाळेच्या समारंभांत गातात तेव्हां त्यांच्या आयांनीं घरीं काय सोसलें व काय वांचविलें, हें त्यांस एकवार सांगा. आपल्या घरांत, आपल्या मंडळींत असें निमूटपणें देणारें जें कोणी असेल, त्याचे आभार त्याच्या हयातींत मानावयास आपण शिकलों, तर लक्ष्मीबाईंचें हें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल.