पांढऱ्या चादरीचा उजेड

आमच्या बडनेऱ्याच्या लग्नमंडपात हल्ली फोटोग्राफरचा पोऱ्या फ्लॅश घेऊन बाजूला उभा असतो. बिनतारी ट्रिगरने तो कॅमेऱ्याबरोबरच चमकतो. फ्लॅश दुप्पट दूर नेला, तर उजेड चौथाईवर येतो. मग ताकद वाढवा किंवा अ‍ॅपर्चर उघडा. हे पाहताना मला दादासाहेब फाळके आठवतात. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या, गोध्र्यात फोटोग्राफी केलेल्या या माणसाची दृष्टी सिनेमाच्या ध्यासापायी काही काळ गेली, उपचारांनी परतली. पुढे १९१३ साली झळकलेला ‘राजा हरिश्चंद्र’ घडला तो उन्हाच्या भरवशावर. पत्नी सरस्वतीबाई तासन् तास पांढरी चादर धरून ते ऊन पात्रांवर परतवीत. चादर जरा हलली, तरी चेहरा काळवंडे. दादासाहेब १९४४ साली नाशकात गेले, बरेचसे विस्मरणात. उजेड धरणाऱ्या त्या हातांची आठवण तर त्याहूनही कमी राहिली.