रवींद्रनाथांनी शाळा सोडली

रवींद्रनाथ टागोर यांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्यास झाला. त्यांना शाळा मुळीच आवडत नसे. शाळा बदलून पाहिल्या, पण मन रमेना. साधारण चौदाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली व ते घरी शिकू लागले.

एवढंच वाचून मी आईला सांगितलं की मीपण आता घरीच शिकणार. आई काहीच बोलली नाही.

गुरुजींनी मला पुढचं वाचायला लावलं. रवींद्रनाथांच्या घरी मास्तर येत. ते संस्कृत शिकवत आणि मॅकबेथ या इंग्रजी नाटकाचं बंगालीत भाषांतर करायला लावत. तेवढं होईपर्यंत खोलीबाहेर सोडत नसत! त्याआधी वडिलांनी हिमालयात नेऊन त्यांना तारे ओळखायला शिकवलं होतं. म्हणजे शाळा सुटली, अभ्यास नाही सुटला. पुढे १९०१ साली त्यांनीच शांतिनिकेतनात शाळा काढली. तिथे झाडांखाली वर्ग भरत. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९४१ साली ते वारले.

आमच्या घरी कोण मास्तर येणार? आई अजून अंगठा उठवते. मी शाळेत जाणार आणि रोज संध्याकाळी तिला एक अक्षर शिकवणार. काल तिने ‘अ’ काढला.

— इयत्ता ७ वी