‘श्यामची आई’चे कर्ते साने गुरुजी

‘श्यामची आई’ ज्याच्या हाती कधीच आली नाही, असा मराठी वाचक विरळाच. मात्र तिच्या कर्त्याची प्रतिमा आपण फार सोपी करून टाकली आहे. साने गुरुजी म्हणजे मातृभक्त, हळवे, चटकन डोळे भरून येणारे, एवढ्यावर आपण थांबतो. त्या हळवेपणाने त्यांना पुढे कुठवर नेले, याचा विचार सहसा होत नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, परंतु वैभव ओसरत गेलेले. कर्जापायी होणारी मानहानी या मुलाने जवळून पाहिली. आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या, तेव्हा तो शिक्षणासाठी दूर होता. शेवटची भेट झाली नाही, ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. दापोली, औंध, पुणे असे ठिकठिकाणी हाल सोसून ते एम. ए. झाले आणि १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. तेथील छात्रालयात मुलांची अंथरुणे आवरण्यात, कपडे धुण्यात या शिक्षकाला कमीपणा वाटला नाही. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

पुढची वर्षे तुरुंगातून तुरुंगात गेली. १९३२ मध्ये धुळ्याच्या कारागृहात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी झरझर टिपून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचावयास मिळतात. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली.

पुस्तकाची रचना रात्रीच्या कथनांची आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना आपले लहानपण सांगतो. या श्यामला गुणी बाळ समजणे चूक ठरेल. तो पोहण्याच्या भीतीने लपून बसतो व आईचा मार खातो. पुस्तकाच्या मोहाने चोरीही करतो. चुकणारा आणि चुकीची लाज वाटू लागणारा हा मुलगा आहे, म्हणूनच तो इतक्या पिढ्यांना आपला वाटला. घरच्या दारिद्र्याचे चित्रणही, केवळ गोड पुस्तक म्हणून ते वाचणाऱ्यांच्या लक्षात येते त्याहून पुष्कळ कठोर आहे.

त्यातील एक प्रसंग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते आणि आई श्यामला ती उचलून द्यावयास सांगते. शिवाशिवीच्या त्या काळात, सोवळे पाळणाऱ्या घरातील स्त्रीने मुलाला हे सांगावे! रूढी तिनेही पुरती टाकलेली नव्हती. पण माणूस आधी, हे तिने शिकवले.

त्या शिकवणीची कसोटी १९४७ साली लागली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे रोजी पंढरपुरात त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. स्वकीयांचा विरोध होता, वडीलधाऱ्यांची नापसंती होती. हा हळवा माणूस हटला नाही. मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावरच दहाव्या दिवशी उपोषण सुटले. हळवेपणा म्हणजे दुबळेपणा असे मानणाऱ्यांनी हे दहा दिवस आठवावेत.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसांना त्यांचे आणखी एक स्वप्न अधिक जवळचे वाटावे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांनी तमिळ व बंगाली या भाषांशी परिचय करून घेतला होता, तमिळ ‘कुरल’ मराठीत आणले होते. भारतीय भाषांनी एकमेकींच्या घरी जावे-यावे, ही ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात मांडली. ‘साधना’ साप्ताहिक त्यांनी आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, सुरू केले होते.

गांधीजींच्या हत्येचा घाव त्यांच्या जिव्हारी लागला होता. मन उत्तरोत्तर उदास होत गेले आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. पुढे आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि १९५४ मध्ये त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो पाहावयास गुरुजी नव्हते.